सर, मला गिऱ्हाईकं द्या

दलाल हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. 'दलालांनी वाटोळं केलं' हे वाक्य पारावर मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा हिशेब नाही. पण शब्द मूळचा अरबी, आणि त्याच्या धातूचा अर्थ आहे वाट दाखवणं. भाषेचा मास्तर असल्यामुळं ही गंमत मला पहिल्यापासून माहीत होती. वाट दाखवणाऱ्याचं काम किती अवघड असतं हे मात्र मला निवृत्तीनंतर कळलं, तेही माझ्याच एका विद्यार्थ्यामुळं.

आमच्या भागाला मध्यस्थ काही नवा नाही. जनावरांच्या बाजारात हेडी असतो. रुमालाखाली हात घालून, बोटं चाचपून तो बैलाचा भाव ठरवतो. आजूबाजूला उभ्या असलेल्यांना पत्ता लागत नाही. गूळ आणि मिरचीच्या बाजारात अडत्या असतो. सोयरीक जमवणारे तर प्रत्येक भावकीत एक-दोन असतातच. जमिनीला मात्र माझ्या लहानपणी मध्यस्थ लागत नसे. कारण जमीन विकणं हीच मुळात तोंड लपवण्याची गोष्ट. वेळ आलीच तर भावकीतला कुणी, नाहीतर बांधाला बांध लागून असलेला शेजारी घ्यायचा. चार वडीलधारी बसायची, भाव ठरायचा, पोरीच्या लग्नाचं किंवा दवाखान्याचं भागायचं. घेणारा आणि देणारा एकमेकांच्या आज्या-पणज्यापर्यंत ओळखत असत. मग मध्ये तिसरा कशाला?

तिसरा लागू लागला तो घेणारा अनोळखी झाल्यावर. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या तीन तालुक्यांतली घरटी एक-दोन माणसं मुंबईला गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यातली कित्येक कायमची देशोधडीला लागली. काही परत आली, काही तिथंच चिकटून राहिली. पुढच्या पिढीनं पुण्यात कंपन्या धरल्या. सैन्यात गेलेले पेन्शन घेऊन परतले. या सगळ्यांना आता गावाकडं दोन-चार गुंठे घराला आणि जमलं तर एखादा एकर शेताला हवा असतो. उलट बाजूला असेही पुष्कळ, ज्यांच्या आजोबांच्या नावचा तुकडा इथं पडून आहे आणि त्यांनी तो आयुष्यात दोनदा पाहिलेला नाही. घेणारा मुंबईत, देणारा पुण्यात आणि जमीन नेसरीत. अशा वेळी मधला माणूस लागणारच.

त्यात नेसरीचं एक वेगळेपण. नेसरी म्हटलं की बाहेरच्या माणसाला प्रतापराव गुजर आठवतात. २४ फेब्रुवारी १६७४ ला सहा स्वारांनिशी ते बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले ती जागा आमचीच. लोक स्मारक बघायला येतात, नमस्कार करतात, फोटो काढतात, स्टँडवर चहा पितात आणि चहाचे पैसे देता देता विचारतात, "काय हो, इकडं गुंठा काय भावानं जातो?" हवा चांगली, घटप्रभेचं पाणी, पलीकडं चंदगड, आंबोली, गोवा, आणि बेळगावही लांब नाही. विचारणाराचंही काही चूक नाही म्हणा.

तर तो विद्यार्थी. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. वर्गात मधल्या बाकावर बसणारा, गणितात बेताचा, पण निबंध स्वतःचा लिहिणारा. पुण्यात एका कारखान्यात होता. २०२० च्या टाळेबंदीत काम गेलं, बायकापोरांसह गावी आला. वर्षभर शेतात राबला. दोन एकरांत दोघा भावांचं भागत नाही हे लक्षात आल्यावर एक दिवस माझ्याकडं आला आणि म्हणाला, "सर, जमिनीच्या व्यवहारात पडावं म्हणतोय. तुमच्याकडं सगळ्या बॅचच्या पोरांचे नंबर हायत. मला गिऱ्हाईकं द्या."

नंबर माझ्याकडं आहेत हे खरं. पस्तीस वर्षं शिकवलं. आता स्नेहमेळाव्यांचं पीक आलंय, आणि प्रत्येक बॅच मोबाईलवर ग्रुप काढते आणि म्हाताऱ्या सरांना त्यात ओढते. कोण पोलिसात, कोण बँकेत, कोण आखातात, कुणाला गावी घर बांधायचंय, सगळं मला घरबसल्या कळतं. एजंटाच्या दृष्टीनं ती सोन्याची खाणच. मी त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं. ते नंबर पोरांनी सरांना दिलेत, एजंटाला नव्हे. आणि माझ्या तोंडानं 'याच्याकडून जमीन घ्या' असं एकदा गेलं, की पुढं त्या जमिनीत काही निघालं तर तो दोष त्याच्या पदरात पडो न पडो, माझ्या पदरात पडणारच. त्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "नंबर देणार नाही, पण सात-बारा वाचायला शिकवीन. तू मला आधी तुझ्याच रानाचा उतारा वाचून दाखव."

त्याला तो वाचता येईना. यात त्याचा दोष नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सात-बारा होतो, एवढंसुद्धा शिकलेल्या माणसांना ठाऊक नसतं. आपण त्याच्याकडं रेशनकार्डासारखं बघतो. नाव आहे ना, मग झालं! मी निवृत्त झाल्यावर आमच्या घरच्या वाटणीसाठी तलाठी कार्यालयाच्या पुष्कळ खेपा घातल्या होत्या (आता तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), त्यात हे शिक्षण झालं होतं. मग रोज संध्याकाळी आमची शाळा भरू लागली. भोगवटादार वर्ग १ म्हणजे काय, वर्ग २ म्हणजे काय. वर्ग २ असेल तर जमीन मोकळेपणी विकता येत नाही, आधी परवानगी लागते. कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं खरं, पण त्या जमिनीच्या विक्रीवर कलम ४३ ची अट राहिली. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ती थोडी सैल झाली, म्हणजे खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट नजराणा भरून वाट निघते. देवस्थान इनाम असेल तर हात जोडून मागं फिरायचं. पोटखराबा किती, विहिरीत वाटा किती, सोसायटीचा बोजा आहे का, आणि 'इतर हक्क' या रकान्यात कुणाकुणाची नावं आहेत. हा शेवटचा रकाना लक्षात ठेवा, पुढं त्याचीच गोष्ट येणार आहे.

मग फेरफार. सात-बारावर प्रत्येक नावाजवळ फेरफाराचा नंबर असतो. तो धरून मागं मागं जायचं, तीसेक वर्षं तरी. कुणी कुणाकडून घेतलं, कोण वारस लागलं, कोण वगळलं गेलं. एखादी कादंबरी वाचावी तसं ते वाचता येतं. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, तेव्हा त्या बाजूच्या जमिनीचं जुनं काही शोधायचं झालं तर ही गोष्टही ध्यानात ठेवावी लागते. आता डिजिटल सहीचा सात-बारा मोबाईलवर पंधरा रुपयांत मिळतो, त्यामुळं हेलपाटे वाचले. पण कागद मिळणं सोपं झालं म्हणून वाचणं सोपं झालेलं नाही.

कागद झाला की रान. रान बघायला जाताना पहिला प्रश्न वाटेचा. जमीन काळीभोर, पाणी बारमाही, आणि जायला वाट शेजाऱ्याच्या बांधावरून, असं आमच्याकडं दर दुसऱ्या रानाचं आहे. जुना मालक त्या वाटेनं पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडी घेऊन गेलेला असतो, कारण तो शेजाऱ्याचा चुलतभाऊ असतो. नवा मालक आला की दुसऱ्या दिवशी तिथं काटेरी फांदी पडते. मग तहसीलदाराकडं अर्ज, कलम १४३, मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा आणि पाच वर्षं. घेणाऱ्याला हे खरेदीच्या आधी सांगणारा एजंट मी आयुष्यात फार पाहिलेला नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण गिऱ्हाईकांचं काय? नेमकं हेच त्याची बायकोही त्याला विचारत होती. पहिले नऊ महिने त्याचा एकही व्यवहार झाला नाही. त्यानं सगळ्यांसारखं सगळं करून पाहिलं. कार्ड छापलं. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पाटी लावली. 'नेसरी परिसरात जागा घेणे-देणे' असं मोबाईलवर स्टेटस ठेवलं. फोन यायचे, नाही असं नाही. पण ते भाव विचारणाऱ्यांचे. चार रानं बघून, त्याच्याच मोटारसायकलवर फिरून, जेवून माणसं परत जायची, आणि महिन्याभरानं कळायचं की त्यातलंच एक रान परस्पर मालकाला गाठून घेतलं. पेट्रोलचा खर्च तेवढा याचा.

वळण आलं ते भलत्याच बाजूनं. मुंबईच्या एका माणसाचा आजोबा वारून वीस वर्षं झालेली, आणि सात-बारावर अजून आजोबाच. त्याला जमीन विकायची नव्हतीच, नुसतं नाव लावून हवं होतं. ह्यानं मृत्यूचा दाखला शोधला, वंशावळ लिहून काढली, प्रतिज्ञापत्राला सगळ्या चुलत्यांना गाठलं, अर्ज दिला, नोटिशीचे दिवस मोजले आणि फेरफार मंजूर करून घेतला. मेहनताना म्हणून थोडे पैसे घेतले. माझ्या समोर बसून त्यानं खर्चाचा पै-पैचा हिशेब कागदावर लिहून पाठवला, पावत्यांच्या फोटोंसकट. त्या माणसानं तो कागद त्यांच्या भागातल्या गावकऱ्यांना दाखवला असणार. कारण पुढच्या दोन महिन्यांत वारस नोंदीची आणखी सहा कामं आली. कुणाची मोजणी, कुणाचं क्षेत्र चुकलेलं, कुणाचा फेडलेला बोजा उतारावर तसाच. त्यातल्या दोघांनी वर्षभरानं जमीन विकायला काढली, आणि त्यांना दुसऱ्या कुणाकडं जावंसं वाटलं नाही. घेणारेही तिथूनच आले, कारण मुंबईत एक गावकरी दुसऱ्याला विचारतोच, "तुझं काम कुणी केलं?"

मला वाटतं, गावात हा धंदा सुरू करणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात घ्यावं. विकणारा पुष्कळदा पैशाच्या आधी कागदाच्या अडचणीत असतो. ती अडचण ज्यानं सोडवली, त्याच्याकडं तो जमीन घेऊन येतो.

आता त्या 'इतर हक्क' रकान्याची गोष्ट. ही सांगताना मला आजही थोडं जड जातं, कारण त्यातली दोन माणसं माझ्या वर्गात बसलेली.

एका भावाला रस्त्याकडेचं रान विकायचं होतं. गिऱ्हाईक तयार, भाव चांगला, आमच्या पोराची दोन टक्के ठरलेली. ती रक्कम त्याच्या वर्षभराच्या कमाईएवढी होती. कागद काढला तर कब्जेदार भाऊ एकटा आणि 'इतर हक्क' मध्ये बहिणीचं नाव. बाप गेल्यावर वारस लावताना मुलींची नावं अशी कडेला टाकायची पद्धत आमच्याकडं पुष्कळ वर्षं होती. कायद्यानं मुलगी कडेला नाही. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या देशानं वडिलार्जित मालमत्तेत तिला मुलाच्या बरोबरीनं जन्मतः हक्क दिला. २००५ च्या त्या तारखेला बाप हयात असायलाच हवा असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. तेव्हा बहिणीनं हक्कसोडपत्र नोंदवून दिल्याशिवाय घेणाऱ्याचा जीव सुरक्षित नव्हता.

भाऊ म्हणाला, "ती सही करंल. तू गाडी घेऊन जा, तिला हुक्केरीकडनं गडहिंग्लजला आण. कशाची सही म्हणून विचारली तर वारसाच्या नोंदीची हाय म्हण."

पोरानं गाडी नेली. येताना वाटेत तिनं विचारलं, "कशाची सही रं बाळा?" त्यानं गाडी बाजूला घेतली आणि सांगितलं. तुमचा हिस्सा किती येतो, त्याची आजच्या भावानं किंमत काय होते, आणि सही केल्यावर तो तुमचा राहणार नाही, सगळं सांगितलं. सही करा असंही म्हणाला नाही, करू नका असंही नाही. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मला घरला सोड."

संध्याकाळपर्यंत गावात बोंब झाली. रात्री भाऊ माझ्या दारात. "सर, तुमच्या शाळेतला म्हणून त्याला काम दिलं. त्यानं माझ्या घरात आग लावली. जरा आवरा त्याला." मी त्याला बसवून पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "त्यानं बहिणीला खोटं सांगितलं का?" तो म्हणाला, "खरं सांगायला त्याला कुणी सांगितलं हुतं?" या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. बरेच दिवस मी त्याच्यावर विचार केला. खरंच, एजंट नेमका कुणाचा? त्याला काम भावानं दिलं होतं. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यातल्या मुखत्याराच्या प्रकरणात एजंटानं मालकाशी कसं वागावं याची पुष्कळ कलमं आहेत: हिशेब दाखवावा, मालकाच्या नकळत स्वतःच्या फायद्याचा व्यवहार करू नये, असा लपवलेला फायदा मालकाला मागता येतो. पण मालकासाठी तिसऱ्याला फसवावं असं कुठलंच कलम नाही. शाळेत आपण हे कलम न सांगता शिकवतो, एवढंच.

व्यवहार मोडला. गिऱ्हाईक गेलं. पोराच्या बायकोनं त्या पैशावर घराच्या स्लॅबचा हिशेब धरलेला. ती माझ्याशीही महिनाभर बोलली नाही. तिचा राग मला समजत होता.

गोष्ट इथं संपली असती तर ती पाठ्यपुस्तकात घालता आली असती. तशी ती संपली नाही. दोन महिन्यांनी भाऊ-बहीण मामाच्या घरी बसले, आणि तिनं हक्कसोडपत्र करून दिलं. पैसे घेतले नाहीत. रान दुसऱ्या एका मध्यस्थामार्फत विकलं गेलं आणि दोन टक्के त्याला मिळाली. आमच्या पोराला ना व्यवहार मिळाला, ना बहिणीला हिस्सा. पारावरची मंडळी हसली. "बघा, शेवटी काय झालं? उगं मधी पडलास."

नंतर एकदा ती बहीण माहेरच्या जत्रेला आली तेव्हा मला भेटली. मी न राहवून विचारलं, बाई, असं का केलंस? म्हणाली, "सर, माहेर तुटाय नको म्हणून दिलो. पर तवा न कळता जात हुतं, आता कळून दिलो." (आमच्याकडच्या बायका 'आलो', 'दिलो' असंच बोलतात.) तिच्या त्यागाचं मला कौतुक करवत नाही. माहेर टिकवायचं असेल तर हिस्सा सोडावा लागतो, ही अट तिच्या भावाला कुणी घालत नाही. पण तिच्या वाक्यातला फरक खरा आहे. सही तीच, कागद तोच. एकदा ती फसवली जाणार होती आणि एकदा तिनं स्वतः ठरवलं. त्या दोन सह्यांच्या मध्ये त्या पोरानं रस्त्याकडेला थांबवलेली गाडी होती.

आता याचा धंद्याशी काय संबंध, तर तो आहे. पुढच्या वर्षी तिच्या दिराचा फोन याला आला. त्यांना निवृत्तीनंतर इकडं जागा हवी होती. "वहिनी म्हणाली, त्या पोराकडनंच घ्या." सगळ्या सचोटीला असं फळ येतंच असं मी म्हणणार नाही, माझ्या वयाच्या माणसानं तसं म्हणू नये. पण गाव लहान असतं आणि एजंटानं मोडलेला व्यवहार जोडलेल्या व्यवहारापेक्षा जास्त बोलला जातो, एवढं मात्र मी पाहिलं.

इतिहासाचा मला नाद, म्हणून एक आठवण काढतो. आमच्या खिंडीत जे घडलं त्याचं मूळ आदल्या वर्षीच्या उमराणीच्या लढाईत आहे. १६७३ साली तिथं प्रतापरावांनी बहलोलखानाला पाण्यावाचून कोंडलं, आणि त्यानं गयावया केल्यावर सोडून दिलं. खान शब्दाला जागला नाही. महाराजांनी जाब विचारला, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्या पोराला म्हणतो, ज्या गावानं शब्दावर विसंबण्याची एवढी किंमत पाहिली, त्या गावात तरी इसार कागदावर घे. तोंडी इसार, साध्या कागदावरचं साठेखत, 'आपलाच माणूस आहे' म्हणून न केलेली नोंदणी, यांनी आमच्या भागातली किती घरं कोर्टात नेली! शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची खरेदी नोंदवावीच लागते, आणि दस्त सहीपासून चार महिन्यांत नोंदणीला हजर करावा लागतो, हे १९०८ चा कायदा सांगतो. आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर जमीन विकणारा आला की आधी मूळ मालकाला स्वतः फोन करावा.

दुसरी एक सवय मी त्याला पहिल्या दिवशीच मोडायला लावली होती. ती म्हणजे 'वरचे माझे'. देणाऱ्याला म्हणायचं, तुला एकरी इतके मिळाले की झालं ना, वरचे माझे. आणि घेणाऱ्याला भाव दीडपट सांगायचा. आमच्याकडं पुष्कळ जण असेच मोठे झाले. पण खरेदीच्या दिवशी गडहिंग्लजच्या दुय्यम निबंधक कार्यालयात घेणारा-देणारा एका बाकावर बसतात, चहा पितात, आणि चहाच्या दोन घोटांत भाव बाहेर येतो. मग एजंटाचा फोन उचलणं बंद होतं. टक्केवारी आधी सांगावी, दोन्ही बाजूंना सारखीच सांगावी, शक्य तर लिहून द्यावी.

गेल्या दोन-तीन वर्षांत त्यानं आणखी एक पाऊल टाकलं. गडहिंग्लज आणि कोल्हापूरकडं बिल्डरांचे प्रकल्प असतात. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर तो प्रकल्प २०१६ च्या रेरा कायद्याखाली येतो, आणि अशा प्रकल्पातली सदनिका किंवा प्लॉट विकून द्यायचा तर एजंटाचीही महारेराकडं नोंदणी लागते. एकट्या माणसाला दहा हजार रुपये फी, मुदत पाच वर्षं. जानेवारी २०२३ मध्ये महारेरानं एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्राशिवाय काम करता येत नाही, आणि ते न घेतलेल्या सुमारे वीस हजार एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगित झाली. ही बातमी वाचून मला, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. दलालीला अभ्यासक्रम! चाळिशीला आलेला तो पोरगा पुन्हा माझ्या ओट्यावर पुस्तक घेऊन बसला. चटई क्षेत्र म्हणजे काय, बिल्डरनं पैसे कुठल्या खात्यात ठेवायचे, घेणाऱ्याला कुठले कागद बघायचा हक्क आहे, सगळं मी विचारायचो आणि तो सांगायचा. पास झाला तेव्हा पेढे आधी शाळेत वाटले.

शेतजमिनीला मात्र रेरा लागू नाही. तिथं ना परीक्षा ना नोंदणी. कुणीही उठावं आणि एजंट व्हावं. म्हणून तिथं फसवणूकही जास्त. प्लॉटिंगच्या रंगीत पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. दोन गुंठे, हप्त्यावर, वीज-पाण्यासह. उतारा काढावा तर शेती. २०२३ च्या ऑगस्टपासून राज्यात शेतीचं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. त्याखालचा तुकडा पाडून स्वतंत्र खरेदी होत नाही. २०२५ मध्ये शहरी आणि रहिवासी भागासाठी सवलत आली, पण ती उसाच्या रानात ओढून आणता येत नाही. शिवाय शेती घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. मग दहा-बारा जणांच्या नावे सामाईक खरेदी करायची आणि नकाशावर चौकोन पाडायचे. एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट असतात हे ठाऊक असलेल्या माणसाला आपला गुंठा त्या सामाईक रानात नेमका कुठं, हे मरेपर्यंत कळत नाही. अशा दोन प्लॉटिंगची एजन्सी आमच्या पोराला चालून आली होती. त्यानं घेतली नाही. घेतलेल्यांची चारचाकी आली, याची अजून मोटारसायकलच आहे.

तेव्हा धंद्यात पडू पाहणाऱ्या तरुणांना खोटी आशा दाखवायला नको. त्याचे वर्षाला चार-पाच व्यवहार होतात. मधल्या काळात वारस नोंदी, मोजण्या आणि शेती यांवर घर चालतं. स्लॅब पडली, जरा उशिरा पडली. बायको आता बोलते माझ्याशी, मध्यंतरी तिनं मला विचारलंही, "सर, ह्यांना आता तरी द्या की तुमच्या ग्रुपातले नंबर." मी अजूनही दिलेले नाहीत. पण गेल्या दिवाळीत एका जुन्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, नेसरीत जागा बघायला विश्वासू माणूस कोण? मी काही लिहिणार, त्याच्या आत चौघांनी त्याचं नाव टाकलं होतं. त्यातल्या एकाची जमीन त्यानं 'घेऊ नका, वाट नाही' म्हणून घेऊ दिली नव्हती.

त्याच्याकडं एक वही आहे. झालेल्या व्यवहारांचा हिशेब पुढून लिहितो आणि मोडलेल्यांचा मागून, कारणासकट. वाट नाही. वर्ग २, परवानगी नाही. सामाईक, चुलता तयार नाही. बहिणीला सांगितलं नव्हतं. महिन्यातून एकदा ती वही तो माझ्याकडं तपासायला आणतो, अगदी पूर्वीसारखी. मागच्या बाजूची पानं पुढच्यापेक्षा लवकर भरतात. मी तारीख घालून सही करतो.